काट्याचा मीटर

जलजाक्षीने दुकानाच्या भिंतीवरून लोंबणाऱ्या तुटक्या वायरीच्या दोन तारांना मीटरची लाल आणि काळी टोकं लावली. डिजिटल मीटरवर आकडा उमटला. एकेचाळीस व्होल्ट.

“ही वायर तर कुठेच जोडलेली नाही,” ती म्हणाली.

“म्हणूनच तर दाखवली, अम्मा!” मरीगौडा हसला. एस. पी. रोडवरच्या त्या बोळकांडीवजा दुकानात तो पंचवीस वर्षं मीटर विकत होता. “हा डिजिटल म्हणजे भोचक शेजारीण. बाजूच्या तारेतली कुजबुजही ह्याला ऐकू येते. पण बोर्ड-बिर्ड बनवायला उत्तम. स्वस्त, वर टिकाऊ. मागच्या वेळी टाकी भरल्याचा भोंगा बनवलात ना, तसल्या कामाला हाच घ्या.”

“आणि तो?” तिने मागच्या काट्याच्या मीटरकडे बोट केलं.

“तो जुन्या वळणाचा. त्याचा काटा हलवायला खरी वीज लागते.” त्याने तीच वायर त्या मीटरला लावली. काटा शून्यावरून तसूभरही हलला नाही. “पण आता हे कोण घेतंय? तुम्हाला नक्की मोजायचंय काय?”

जलजाक्षीने काट्याच्या मीटरची काच पदराने पुसली. टेलिफोनच्या कारखान्यात तीस वर्षं तिने वायरींना सोल्डरिंगचे डाग दिले होते. वायरी बायकांनी जोडायच्या आणि मीटर पुरुषांनी लावायचे, अशी तिथली रीत. घरी मीटर नवऱ्याचा, शेषगिरीचा. पाच महिन्यांपूर्वी तो गेला, त्याच महिन्यात मीटरही बंद पडला.

“घंटा,” ती म्हणाली. “दारावरची. यांनीच बनवलेली. रोज संध्याकाळी साडेपाचला वाजते. इलेक्ट्रिशियनने वायर कापली, बटण काढून नेलं, तरी वाजते. तो म्हणतो, भिंतीत कुठेतरी वीज गळतेय.”

मरीगौडाचं हसू मावळलं.

“लेक म्हणते घर विक. रविवारी गिऱ्हाईक येतंय. वायरिंगचा दोष निघाला तर दुरुस्त करून मी राहायचं. नाही निघाला, तर असल्या घरात एकटीने राहायचं नाही, सही करायची आणि तिच्याकडे म्हैसूरला जायचं. मी शब्द दिलाय.”

“मग डिजिटलच न्या,” तो हळूच म्हणाला. “आकडा दाखवेलच तो. दोष निघाला म्हणून मोकळ्या व्हा.”

“मला खरं काय ते कळायला हवं, गौडा.”

त्याने काट्याचा मीटर पुठ्ठ्यात बांधला. पिशवी तिच्या हातात देताना मात्र तो सोडेना.

“एक ऐका. शून्य दिसलं म्हणून लगेच विश्वास ठेवायचा नाही. मीटर मेलेला असेल तर तोही शून्यच दाखवतो. आधी चालू सॉकेटात बघायचं, मग ती तार, मग पुन्हा सॉकेट. चांगले चांगले कारागीर तिसऱ्यांदा बघायचा कंटाळा करतात आणि जिवाला मुकतात.”

साडेपाचला दहा मिनिटं असताना ती दारावरच्या घंटेखाली स्टुलावर चढली. आधी सॉकेट पाहिलं होतं. काटा दोनशे तिसाला भिडला होता. आता टोकं घंटेच्या दोन स्क्रूंवर धरली. वीज निघू दे देवा, ती पुटपुटली. आणि ही आपली खरी इच्छा आहे का, तेच तिला कळेना.

घंटा वाजली.

दोनदा, लागोपाठ. मिक्सरच्या आवाजात पहिली ऐकू जात नाही म्हणून साडेपाचला घरी येताना शेषगिरी नेहमी दोनदा दाबायचा. टोकांतून तिच्या बोटांना कंप जाणवला. काटा शून्यावर होता.

खिडकीतून पायरी दिसत होती. पायरीवर कुणी नव्हतं.

ती स्टुलावरून उतरली. टोक तुटलं असेल, मीटर खाली आपटला असेल, काहीही झालं असेल. तिने टोकं पुन्हा सॉकेटात घातली.

काटा झपकन उठला. दोनशे तीस. मीटर अगदी ठणठणीत होता.

ती तिथेच जमिनीवर बसली. किती वेळ बसली कोण जाणे. फोन वाजला तेव्हा दचकली.

“काय निघालं, अम्मा?” लेक, चित्कला, विचारत होती. “पाहिलंस ना आज?”

“पाहिलं.”

“मग? अगं बोल ना! त्या माणसाला रविवारी ये म्हणून सांगू?”

जलजाक्षीने मीटरकडे पाहिलं. आयुष्यात तिने लेकीला कधी खोटं सांगितलं नव्हतं. बाप दवाखान्यात शेवटचे दिवस मोजत होता तेव्हासुद्धा नाही.

“नको सांगू,” ती म्हणाली. “वायरिंगचाच दोष होता.”

“खरंच? बघ, मी म्हणत नव्हते! उगाच आपण घाबरलो. उद्याच माणूस पाठवते दुरुस्तीला.”

“माणूस कशाला? मीच केलं. तीस वर्षं दुसरं काय करत होते?”

“म्हणजे आता नाही ना वाजणार?”

“नाही.”

पलीकडे चित्कलाने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि त्याच वेळी इकडे घंटा वाजली. दोनदा.

“काय गं ते?”

“कुणीतरी आलंय. ठेवते.”

तिने केस सारखे केले, पदर नीट घेतला. पाच महिन्यांत पहिल्यांदाच त्या घंटेला ओ देऊन ती दाराशी गेली आणि तिने कडी काढली.