लवीनाची फायनल

कान सारखा वाजतो म्हणून लवीनाने एमआरआय काढला आणि निघालं भलतंच. मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला मुगाएवढा फुगवटा आला होता. अॅन्युरिझम.

डॉक्टर अदीबांनी शांतपणे समजावलं. "लहान आहे, फुटण्याची शक्यता फार कमी. आत्ता ऑपरेशन नको. ब्लडप्रेशर सांभाळा, सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू. कधी नव्हे इतकं भयंकर डोकं एकाएकी दुखलं, तर मात्र लगेच इमर्जन्सीत या."

"थ्रोबॉल खेळू शकते ना? शुक्रवारी फायनल आहे," लवीनाने विचारलं.

डॉक्टर हसल्या. "खेळा. जड वजनं तेवढी उचलू नका."

शेजारी बसलेला तिचा नवरा चार्ल्स काही हसला नाही. त्या दिवसापासून दोह्यात अल सद्द भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये ती नुसती शिंकली तरी तो दचकायचा. भीती तिलाही होती. केस विंचरतानासुद्धा ती हात हलका ठेवायची. पण दोह्यातल्या वसईकर बायकांची टीम पहिल्यांदाच फायनलला पोचली होती, आणि त्या आनंदात तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

"तू बघायला येऊ नकोस," तिने चार्ल्सला बजावलं. "तुझं तोंड बघून मीच घाबरेन."

तो आलाच.

अल रय्यानमधल्या एका शाळेचा हॉल माणसांनी भरला होता. पहिला सेट लवीनाच्या टीमने घेतला, दुसरा समोरच्यांनी. तिसऱ्यात एकेका पॉइंटसाठी झुंज चालली होती. बारा-बारा झाले, आणि उंच बॉल झेलून उतरताना लवीनाच्या कपाळात ठणका उठला. ती थांबली. हात वर करून तिने टाइमआउट मागितला आणि बाकावर जाऊन बसली.

चार्ल्स धावत आला. "काय होतंय? गाडी काढू?"

"थांब. बघू दे." तिने डोळे मिटले. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं दुखणं हे आहे का? नव्हतं. सकाळपासून आनंदाच्या भरात पोटात अन्नाचा कण नव्हता, त्याचा हा ठणका होता. तिने दोन खजूर खाल्ले, पाणी प्यायलं. ठणका हळूहळू उतरला.

"आता बरं वाटतंय, चार्ल्स. खरंच. नसतं तर मीच म्हणाले असते, चल."

तो बाजूला झाला. "जा. यल्ला, लवकर."

पुढचे दोन पॉइंट लवीनाच्या टीमला मिळाले. चौदा-बारा असताना सर्व्हिस तिच्याकडे होती. तिने बॉल कोपऱ्यात फेकला, समोरची झेपावली, बॉल तिच्या बोटांना लागून सुटला. पंधरा-बारा! हॉल दणाणला. टीमने लवीनाला मधे घेऊन नाचायला सुरुवात केली, आणि चार्ल्स बाकावर उभा राहून शिट्ट्या मारत होता.

नंतर बिर्याणी खाताना लवीनाने टीमला सगळं सांगून टाकलं. जुलियानाचा घास हातातच राहिला.

"म्हणजे ते आता कायम तिथेच राहणार?" मधुराने विचारलं.

"बहुतेक. लक्ष ठेवायचं त्याच्यावर."

"बरं." मधुराने तिच्या ताटात आणखी रायतं वाढलं. "मग मंगळवारी प्रॅक्टिसला येताना पोटभर खाऊन ये."