गोडाच्या फडताळाचं कुलूप

कुलूपवाल्याने बायकोच्या बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला आणि यंत्रावरचा आकडा पाहून कपाळाला हात लावला.

"एकशे ब्याण्णव! रात्रभर उपाशी माणसाची साखर वाढतेच कशी?"

"मी काही खाल्लं नाही हो."

तो तडक स्वयंपाकघरात गेला. गोडाच्या फडताळाला त्याने स्वतः घडवलेलं कुलूप होतं आणि किल्ली त्याच्या कमरेच्या जुडग्यात. दार उघडलं तर कळावं म्हणून त्याने फटीवर चिकटवलेला केससुद्धा जागच्या जागी होता. चोर सापडेना, चोरी मात्र रोज! त्याचं डोकं पार भंजाळलं. मागे तो एकटाच लेकीकडे राहायला गेला, तेव्हा बायकोने स्वतः मोजलेला हाच आकडा बराच खाली होता. हिने यंत्र नीट धरलं नसणार, म्हणून त्याने ते कानाआड केलं होतं.

शेवटी तो तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेला.

"काका, साखर फडताळातून नाही, यकृतातून येतेय," त्या म्हणाल्या. "तिथे शरीराचा स्वतःचा साठा असतो. इन्सुलिन त्याला सांगतं, पुरे, आता दार लाव. काकूंचं यकृत ते नीट ऐकत नाही. त्यात माणूस घाबरला, की मेंदू नसांमधून निरोप धाडतो, संकट आलंय, साखर सोड. मग कण न खाताही आकडा चढतो."

"घाबरायला आमच्या घरात काय वाघ आहे?" तो हसला.

बायको हसली नाही. मांडीवरच्या पिशवीचा बंद ती बोटाला गुंडाळत राहिली.

घरी येताच त्याने कुलूप काढलं. उगाच आळ घेतला, याची त्याला मनापासून लाज वाटली. पण वाघाचं कोडं काही सुटेना. शेजारचा कुत्रा? दारावरची घंटा? संध्याकाळभर तो घरात भीतीची जागा शोधत हिंडला.

सकाळी यंत्र घेऊन तो खोलीच्या दाराशी आला. ती गाढ झोपली होती. कपाळावर एक आठी नाही. असा चेहरा त्याने कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. त्याने आत पाऊल टाकलं आणि कमरेचं जुडगं खुळखुळलं.

तिने अंग चोरलं. डोळे मिटलेलेच होते, पण पांघरुणातून एक बोट बाहेर आलं.

"मी काही खाल्लं नाही हो," ती झोपेतच पुटपुटली.

त्याने आवाज होऊ नये म्हणून जुडगं मुठीत आवळलं आणि तसाच पाठमोरा न होता, एकेक पाऊल मागे सरकला.