हवेवर उभं घर

हिवाळ्यात मर्ल फॉसमचा उजवा डोळा गेला आणि ट्रेलर अंगणातच राहिला. ट्रेलर म्हणजे त्यांचं चाकांवरचं घर: पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, बाकावरच्या, मर्लने स्वतः शिवलेल्या गाद्या. दर उन्हाळ्यात ते ट्रकमागे जोडायचं आणि बिगहॉर्न डोंगरापलीकडच्या तळ्याकाठी न्यायचं, हा दोघांचा नेम. आता ट्रक चालवायचा तर त्याच्या बायकोने, आर्डिसनेच, आणि आर्डिसला स्वतःच्या हातांचीच भीती बसली होती.

मागच्या शरदात, डोंगराखालच्या माळावर, मर्लने तिला थोडा वेळ चालवायला दिलं होतं. आडवा वारा आला. ट्रेलरचं शेपूट हललं, त्यासरशी ट्रकची पाठ हलली, आणि मग दोघं एकमेकांना असे ओढू लागले की रस्ता आपल्या हातून सुटला हे तिला कळलं. ट्रेलर कसाबसा थांबला. "तू स्टिअरिंग फार घट्ट धरतेस," एवढंच मर्ल म्हणाला होता. ते वाक्य तिच्या मनातून गेलं नव्हतं.

मर्लचा पुतण्या डेल आज दुपारी ट्रेलर न्यायला यायचा होता. त्याआधी भरलेला ट्रेलर खिंडीपर्यंत ओढून पाहायचा असं ठरलं होतं. शेपूट पुन्हा हललं, तर डेलला देऊन टाकायचा.

सकाळी मर्ल कॉफी घेऊन बाहेर आला तर आर्डिस ट्रकच्या मागच्या टायरापाशी वाकून बसलेली. मागच्या दोन्ही टायरांवर या कडेपासून त्या कडेपर्यंत तिने खडूचा जाड पट्टा ओढला होता.

"काय गं, ट्रकला नटवतेस की काय?"

"तो जिथे टेकतो ती जागा बघतेय."

ट्रेलर जोडलेलाच होता. ती ट्रक कुंपणापर्यंत घेऊन गेली, वळून परत आली. मागच्या दोन्ही टायरांवर कडांचा खडू पुसला गेला होता. मधला पट्टा जवळजवळ जसाच्या तसा. ती गुडघे टेकून पाहत राहिली. तीस वर्षं जिल्हा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तिने रक्ताचे थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते; डाग कुठे आहे यापेक्षा कुठे नाही, याकडे तिची नजर आधी जाई.

"मर्ल, मधला भाग जमिनीला नीट टेकतच नाहीये. टायर कडांवर उभा आहे. हवा कमी आहे."

"कमी कशी असेल? दारावरच्या पट्टीवर लिहिलंय, पस्तीस. मी दर वेळी पस्तीसच भरतो. आकडा कंपनीचा आहे, माझा नाही."

"आणि टायर? तेही कंपनीचेच आहेत?"

मर्लने कॉफीचा कप खाली ठेवला आणि ट्रकचं दार उघडलं.

टायर रे एचेव्हेरी या टायरवाल्याकडचे होते. त्याचं दुकान गावाच्या टोकाला, धान्याच्या वजनकाट्याशेजारी. दोघं ट्रेलरसकट तिथे गेले. रेने सगळं ऐकून घेतलं आणि तो पोट धरून हसला.

"मर्ल, अरे खाणीत उतरायचे बूट घेतलेस आणि नाड्या न बांधताच नाचायला गेलास! हे जाड भिंतीचे टायर. तेवढंच ओझं उचलायला यांना जास्त हवा लागते. दारावरचा आकडा जुन्या मऊ टायरांचा."

"मग तेव्हा सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं. तू माझ्या कुत्र्याशी बोलत होतास."

"कुत्रा जास्त शहाणा वाटला."

"बूट तरी चांगले निवडलेस हो. ओढायला असेच हवेत." रेने हवेची नळी उचलली. "टायरवर लिहिलंय ऐंशी. ऐंशीच भरू, कटकट संपली."

"नको," आर्डिस म्हणाली. "टायर जास्तीत जास्त सोसू शकतो तो आकडा आहे तो. ऐंशीला तो नुसत्या मधल्या भागावर उभा राहील आणि खड्ड्याखड्ड्यात उडेल. आधी वजन करू."

ट्रकची मागची चाकं काट्यावर चढवली. चार हजार पौंडांच्या जरा वर. रेच्या भिंतीवर ओझं आणि हवेचा तक्ता होता. तिने त्यात पाहिलं, वाऱ्यासाठी थोडी हवा वर धरली, आणि मागे पंचावन्न, पुढे पंचेचाळीस ठरवलं. ट्रेलरच्या टायरांना मात्र त्यांच्या अंगावर लिहिलेला पूर्ण आकडा. त्यांचं काम फक्त ओझं वाहण्याचं. चालून आलेले टायर गरम होते, म्हणून तिघं सावलीत पाव-चीज खात थांबले.

टायर निवले. हवा भरताना आर्डिस डोक्यात हिशेब करत होती. एका मागच्या चाकावर दोन हजार पौंड. हवा दर चौरस इंचाला पंचावन्न पौंडांनी वर रेटते. म्हणजे जमिनीला टेकणारी जागा... तिने स्वतःचे दोन पंजे जोडून पाहिले. एवढीच. रबराची भिंत थोडासाच भार घेते, बाकी सगळी हवा. ट्रकची पाठ, तिच्यावर टेकलेलं ट्रेलरचं नाक, पाण्याची टाकी, मर्ल, ती स्वतः: सगळं हवेवर उभं. याच हवेवर, जी ती नाकाने आत घेत होती आणि जी हातात धरता येत नाही. हे सूत्र तिला शाळेपासून ठाऊक होतं. पण आज पहिल्यांदा तिने त्याच्याखाली वाकून पाहिलं, आणि तिच्या अंगावर काटा आला.

"काय झालं?" मर्लने विचारलं.

"काही नाही. बस गाडीत."

चढावर ट्रक शांत होता. खिंडीत ती थांबली आणि मर्लने सवयीने मागच्या टायरला हवा मोजायचा गेज लावला.

"आर्डिस, एकसष्ट झालेत! थोडी सोडू का?"

"हात लावू नकोस. गरम झाल्यावर वाढतेच. सोडलीस तर उद्या सकाळी परत कमी." ती दुसऱ्या बाजूला गेली. तिथे साठ. तिने दोन्हीकडचं पुन्हा मोजलं, मग मान वर केली. चढभर ट्रकच्या मर्लकडच्या कुशीवर ऊन होतं, या कुशीवर सावली. नऊ कोटी मैलांवरचा सूर्य तिच्या टायरातली हवा पौंडभर फुगवत होता, आणि ते हातातल्या काट्यावर वाचता येत होतं.

परत फिरायची जागा समोरच होती. पण वारा इथे नव्हता. वारा होता पलीकडे, उतार संपल्यावरच्या उघड्या माळावर. त्याशिवाय काहीच ठरणार नव्हतं. तिने ट्रक पुढे घातला. मर्लने दारावरची मूठ धरली.

माळावर गवत एका अंगावर झोपलेलं होतं. समोरून मोठा मालट्रक भरधाव आला आणि त्याच्या मागून वाऱ्याचा धक्का. ट्रेलरने ट्रकला खांदा मारला. आर्डिसला तो धक्का पाठीत कळला, स्टिअरिंगमध्ये कळला. ती उलट ओढ यायची वाट बघत राहिली. आली नाही. मागचे टायर जिथे होते तिथेच राहिले. आठ चाकं, आठ लहानशा जागा, आणि त्यांवर एक अख्खं घर माळ ओलांडत होतं.

"पुन्हा आला तर?" मर्ल म्हणाला.

पुन्हा आला. पुन्हा काही झालं नाही. तिची बोटं आपोआप सैल झाली.

मर्लने मूठ सोडली, खिशातून फोन काढला आणि एका डोळ्याने नंबर शोधायला बराच वेळ घेतला.

"डेल? येऊ नकोस रे. नाही, बिघडलं काही नाही." तो थांबला. "तुझी काकू चालवतेय. आम्ही तळ्याकडे निघालोय."