किल्ली भाऊंकडे असते

सुबोध कर्णिकांना लिबर्टेरियन राजकारणाबद्दल सहानुभूती आहे, हे महाराष्ट्राला एका मंगळवारी कळलं. त्याआधी कित्येक वर्षं ते एका वाहिनीवर रात्री नऊची चर्चा चालवत होते, पण त्यांना नेमकी कशाबद्दल सहानुभूती आहे हे कोणालाच, त्यांना स्वतःलाही, ठाऊक नव्हतं. वाहिनीने घरी बसवल्यावर वाचायला वेळ मिळाला. सरकारची लुडबूड नको म्हणणाऱ्या या विचारावरचं दीड पुस्तक वाचून होतंय तेवढ्यात अंधेरीहून निधी नावाच्या पॉडकास्टवाल्या मुलीचा फोन आला.

भिंतींना फोम चिकटवलेल्या त्या खोलीत माइक समोर येताच कर्णिकांचा जुना आवाज परत आला. सरकारने नाले उपसावेत, चोर पकडावेत आणि गप्प बसावं, असं ते म्हणाले. मग माणसाने माणसाकडे बघायचं की नाही, असं निधीने विचारलं, तेव्हा ते जरा पुढे झुकले.

"सरकार असो, सोसायटी असो, शेजारी असो, माझ्या दाराच्या आत कोणाचाही अधिकार चालत नाही. मला कोणी सांभाळावं अशी माझी अपेक्षाच नाही."

हा तुकडा बराच फिरला. 'झकास, सर' असं अनेकांनी खाली लिहिलं. मुलगी सई परदेशात असते. तिने अंगठा पाठवला. मात्र तो विचार अंमलात आणणारा माणूस एकच निघाला, आणि तो मुलुंडला त्यांच्याच जिन्यावर, समोरच्या ब्लॉकमध्ये राहत होता.

भाऊ परब. वडील कोकणातून गिरणीत आलेले, स्वतः भाऊ टेलिफोन खात्यातून निवृत्त. कर्णिकांची बायको सुहासिनी गेली, तेव्हापासून त्यांच्या ब्लॉकची दुसरी किल्ली परबांच्या देवघराशेजारच्या खिळ्याला असायची. तसं कधी कोणी ठरवलं नव्हतं. सकाळी भाऊ त्या किल्लीने दार उघडून येत, सुहासिनीच्या तुळशीला पाणी घालत, आपल्या बायकोने, शेवंतीवहिनींनी, दिलेली घावणी ओट्यावर झाकून ठेवत आणि कर्णिक जिवंत असल्याची खात्री करून जात. मागच्या वर्षी न्हाणीघरात कर्णिक पडले आणि उठता येईना, तेव्हा बाहेरचं दार त्याच किल्लीने उघडलं होतं.

बुधवारी सकाळी बेल वाजली. भाऊंनी बेल वाजवण्याची ही पहिलीच वेळ. हातात किल्ली होती, अबोलीच्या रंगाच्या दोऱ्यात ओवलेली.

"तुमीच सांगल्यात मा, दाराच्या आत कोणाचो अधिकार नाय म्हणान," भाऊ म्हणाले. "माका पटला. इतकी वर्सां मी आपलो बेधडक घुसतंय. राग मानू नकात."

टोमणा असता तर बरं झालं असतं; टोमण्यांना उत्तर देण्यात कर्णिकांची हयात गेली होती. भाऊंच्या चेहऱ्यावर मात्र खरोखरीचा ओशाळेपणा होता. 'मला तसं म्हणायचं नव्हतं' असं सांगणं सोपं होतं. पण नेमकं हेच वाक्य बोलणाऱ्या पुढाऱ्यांना कर्णिकांनी रोज रात्री नऊ वाजता सोलून काढलं होतं. त्यांनी किल्ली घेतली आणि भाऊंचे आभार मानले.

पुढे भाऊ जिन्यात भेटत, हसत, पॉडकास्टचा पुढचा भाग कधी, असं विचारत. घावणी पिशवीत घालून दाराच्या मुठीला अडकवलेली असत. तुळशीला आता कर्णिकच पाणी घालत, कधी दोनदा, कधी मुळीच नाही. आंघोळीला जाताना ते बाहेरच्या दाराची कडी काढून दार नुसतं लोटून ठेवू लागले. लिबर्टेरियन विचारात याला काही अडकाठी नव्हती.

दोन आठवड्यांनी ते समोर गेले. नाशिकला रेकॉर्डिंग आहे, तुळस वाळेल, तेवढे दिवस किल्ली ठेवाल का?

"रीतसर सांगताहात तर ठेवतंय," भाऊ म्हणाले. "इल्यावर परत घ्या पण."

नाशिकला रेकॉर्डिंग नव्हतं. कुठेच नव्हतं. पण बॅग घेऊन निघणं आता भाग होतं. भाऊ गॅलरीतून हात हलवत होते, म्हणून कर्णिकांनी रिक्षा निदान नाशिकच्या दिशेने वळवली आणि पुढच्या सिग्नलवरून मागे फिरवून घाटकोपरला नेली. तिथल्या एका लॉजवाल्याने त्यांना ओळखलं. मुलुंडचा पत्ता वाचून त्याने टॉवेल जास्तीचा दिला.

परतण्याच्या दिवशी सकाळी भाऊंचा फोन आला. ते कर्णिकांच्याच घरात उभे होते.

"पंखो चालूच ठेवन गेलात तुमी. पयल्याच दिवशी बंद केलंय. आज येतलात मा?"

"काम लांबलंय, भाऊ," कर्णिक म्हणाले. "अजून चार-पाच दिवस तरी. किल्ली राहू दे तुमच्याकडे."

"रवांदे. आता तुळशीक पाणी घालून जातंय."

"घाला. फोन ठेवू नका, घालून घ्या."

भाऊंनी तसंच केलं. फोन बहुधा फ्रिजवर ठेवला. गॅलरीचं दार नेहमीसारखं करकरलं, तांब्या बादलीत बुडाला, अनवाणी पावलं बाहेर गेली आणि पुन्हा आत आली. कर्णिक लॉजच्या पलंगावर बसून आपल्या घरात कोणीतरी वावरत असल्याचं ऐकत राहिले.