हिरवी जर्सी

कोच सामुलीनं संघाच्या यादीचा कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि लगेच पाठ फिरवली. वाईट काम दुसऱ्याच्या हातून उरकून घेणारा माणूस अशीच पाठ फिरवतो.

"थांब," मी म्हणाले. "हाल्मेपुढे तपकिरी लिहिलंय."

"लिहिलंय ना? मग तपकिरी."

"आज या फेरीची शेवटची मॅच आहे."

"हिल्का, कॅलेंडर मलाही वाचता येतं."

आमच्याकडे कुणाला संघाबाहेर काढलं तर ते तोंडानं सांगत नाहीत. मॅचच्या दिवशी सकाळी सरावाआधी मी प्रत्येकाच्या खुंटीवर जर्सी अडकवते. पहिल्या तुकडीला पांढरी, दुसरीला निळी, तिसरीला पिवळी, चौथीला हिरवी. तपकिरी म्हणजे संध्याकाळी सूट घालून वर प्रेक्षकांत बसायचं. खेळाडू दारातून आत येतो, खुंटीकडे बघतो आणि त्याला कळतं. कोचला त्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. सत्तावीस वर्षं या आइस हॉकी संघाचे कपडे मी धुतेय, स्केटना मी धार लावतेय आणि बातम्याही मीच देतेय. कोच तेवढ्यात अकरा बदलले.

"मोसमात दोन गोल आहेत त्याचे," सामुली म्हणाला. "त्याच्या जागी यूसो. एकवीस वर्षांचा आहे. पळतो."

"हाल्मेचे दोन गोलसुद्धा चुकून झाले असतील. गोल मारणं हे त्याचं काम नाही. इकडे ये."

मी हाल्मेचे स्केट त्याच्यासमोर ठेवले. बुटांच्या दोन्ही बाजूंना पोचे होते. एकेका पोच्यावर बोट ठेवून सांगितलं, "हा ऑक्टोबरमधला. हे दोन नाताळच्या आधीचे. हा फेब्रुवारीतला, याच्यानंतर तो आठवडाभर लंगडत होता. हे पोचे पाडणारी एकेक रबरी चकती आपल्या गोलात जायची होती. तुझ्या त्या टॅबवर आहे हे?"

"आहे. एकोणनव्वद फटके अडवलेत त्यानं. लीगमध्ये तिसरा."

"मग?"

"मग काही नाही. आज मला गोल हवेत."

सामुली मूर्ख असता तर बरं झालं असतं. मूर्ख माणसावर ओरडता तरी येतं.

आज जिंकलो तर पुढची फेरी, हरलो तर मोसम संपला. हाल्मे सदतीस वर्षांचा. करार एप्रिलपर्यंत. नवा कुणी देणार नाही हे त्यालाही माहीत होतं आणि गावातल्या कुत्र्यांनाही. म्हणजे आज हरलो तर एकोणीस वर्षं बर्फावर राबलेल्या माणसाचा शेवटचा दिवस टाय बांधून खुर्चीत जायचा होता. माझ्यात खरंच दम असता तर मी त्याच्या खुंटीवर हिरवी अडकवली असती. मी चार शिव्या दिल्या आणि तपकिरी अडकवली.

तेरो हाल्मे नेहमी सगळ्यांच्या आधी येतो, काखेत थर्मास घेऊन. संघातली पोरं त्याला आजोबा म्हणतात. तो दारात थांबला, खुंटीकडे पाहिलं, थर्मास बाकावर ठेवला.

"शेणाचा रंग मला शोभतो, असं आई म्हणायची," तो म्हणाला.

"मी सांगून पाहिलं त्याला."

"तू? मग त्या बिचाऱ्याचं काय उरलं असेल! स्केटना धार लाव गं."

"सूटवर स्केट घालणार आहेस?"

"सकाळी तर खेळायचंय ना?"

तपकिरीवाल्यांचं सकाळचं काम म्हणजे समोरच्या संघाचं सोंग घ्यायचं. त्यांचा भारी खेळाडू डावीकडून कसा येतो, काठी कधी उचलतो, ते करून दाखवायचं, म्हणजे आपल्या पोरांना सराव होतो. हाल्मेनं तास दीड तास दुसऱ्याच्या संघातला हिरो केला. इतका हुबेहूब की एल्मेरी ओरडला, "आजोबा, असं येत होतं तर इतकी वर्षं लपवलंस कशाला?"

"तुझं हेल्मेट माझ्या डोक्यावर बसत नाही म्हणून!"

आमच्या लीगमध्ये संघात ज्याच्या नावावर सर्वांत जास्त गोल आणि पास, तो सोनेरी हेल्मेट घालून खेळतो. एल्मेरीचं हेल्मेट मीच पुसते. पोरगा वाईट नाही. पण हे सोनं लांबून दिसावं म्हणूनच केलंय, आणि लांबून बघणारे लोक तेवढंच बघतात. चौथी तुकडी बर्फावर आली की आमचे प्रेक्षक सॉसेज आणायला उठतात. समोरच्या संघातले सगळ्यात आडदांड गडी कुणाच्या अंगावर येतात? आपल्या गोलासमोरची चकती जिंकून बाहेर कोण काढतं? एल्मेरीला दम खायला दीड मिनिट कोण मिळवून देतं? तेव्हा हे लोक रांगेत उभे असतात आणि मोहरी कुठली घ्यावी याचा विचार करत असतात. परत येऊन विचारतात, काही झालं का? काही झालं नाही. काही होऊ दिलं नाही म्हणून झालं नाही, गाढवांनो.

सराव संपल्यावर हाल्मे यूसोला कुंपणाशी घेऊन उभा होता. मी बाटल्या गोळा करत होते, म्हणून ऐकू आलं.

"गुडघा आधी टेकू नकोस. टेकलास की तू खांब झालास, तो वळसा घालून जातो. फटका मारणाऱ्याच्या खांद्याकडे बघ. खांदा खाली गेला की मग."

"आणि लागलं तर?"

"लागतंच. लागावं म्हणूनच जायचं."

यूसोचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं घाबरलाय. चार वाजता कळलं, पोट बिघडलंय. मॅच पाचची. पोरगा संडासाच्या दाराशी बसून ओकत होता आणि मधेच "मी खेळतो, मी खेळतो" म्हणत होता.

हाल्मे माझ्या खोलीत होता. सूट, निळा टाय, हातात भात भरलेली पेस्ट्री, आणि सूटवर सांडू नये म्हणून हनुवटीखाली धरलेला माझा टॉवेल. सामुली दारात आला. या वेळी त्याला डोळ्यांत बघावं लागलं.

"तेरो, कपडे काढ."

"एवढ्या प्रेमानं तर बायकोसुद्धा म्हणत नाही आता."

"चेष्टा नाही. यूसो आजारी आहे."

हाल्मेनं उरलेली पेस्ट्री माझ्या हातात दिली आणि टायची गाठ सोडली. मी दुसरीकडे पाहिलं. स्केटना धार सकाळीच लावून ठेवली होती.

मॅचबद्दल फार सांगत नाही, पेपरात सगळं आलंय. एल्मेरीनं दोन गोल केले, दोन्ही सुंदर होते. आम्ही तीन-दोननं पुढे होतो. दोन मिनिटं आठ सेकंद उरलेली असताना त्याच एल्मेरीनं एकाच्या हातात काठी अडकवली आणि दोन मिनिटांची शिक्षा घेऊन बसला. आता आमचे चार, त्यांचे पाच. सामुलीनं बाकाकडे पाहिलं. हाल्मे आधीच उभा होता.

पहिला फटका त्याच्या काठीला लागून वर उडाला. दुसरा नडगीवर. तिसरा मारणाऱ्याचा खांदा खाली गेला तसा हाल्मे पुढे सरकला आणि चकती त्याच्या उजव्या पायाला आतल्या बाजूनं लागली. मी बाकामागे उभी होते. एवढ्या वर्षांत कानाला कळायला लागतं, चकती बुटाला लागली की हाडाला.

तो पडला. चकती त्यांच्याकडेच होती. खेळ थांबला नव्हता, आणि तो बाकापर्यंत आल्याशिवाय त्याच्या जागी दुसरा जाऊ शकत नव्हता. तो डाव्या पायावर उठला. उजवा नुसता टेकवून, काठी बर्फावर आडवी धरून तो गोलासमोर उभा राहिला. पळता येत नव्हतं, मग त्यानं एकच वाट धरली, जिथून पास जातो ती. बत्तीस सेकंद. दोन पास त्याच्या काठीला लागून अडले. आमच्या गोलकीपरनं चकती पंज्यात धरली तेव्हा शिट्टी झाली. हाल्मे एका पायावर स्वतःला ढकलत ढकलत बाकापर्यंत आला. कुणाच्या खांद्यावर हात टाकला नाही. बाकीचा वेळ दुसऱ्यांनी काढला. जिंकलो.

आमच्याकडे जिंकल्यावर एक जुनी लाकूडतोड्याची केसाळ टोपी असते. कप्तान ती त्या दिवसाच्या माणसाला घालतो आणि सगळे बाक बडवतात. टोपी एल्मेरीला मिळाली. त्यानं टोपी हातात धरून खोलीभर नजर फिरवली, ते मी पाहिलं. पण ज्याला तो शोधत होता तो माझ्या खोलीत पाय वर करून बसला होता, आणि भिंतीपलीकडून येणाऱ्या त्या बडवण्याला माझ्या टेबलावर बोटांनी ताल देत होता.

मी बुटाची नाडी कापली, जीभ उसवली. बुटाची कड तडकली होती. पाय सुजून बुटात घट्ट बसला होता.

"रडू नकोस," तो म्हणाला.

"रडत नाही. चाकू बोथट आहे."

"तुझ्याकडे? बोथट?"

पेपरात दुसऱ्या दिवशी सोनेरी हेल्मेटचा फोटो होता. खाली बारीक अक्षरांत सगळ्यांची नावं. हाल्मे : गोल शून्य, पास शून्य, वेळ सहा मिनिटं चाळीस सेकंद.

सोमवारी सामुलीनं पुढच्या फेरीसाठी नवी यादी आणली. हाल्मेपुढे रंगच नव्हता. चौथ्या तुकडीत यूसो. मी तिन्ही हिरव्या जर्सी घेतल्या, दोन बाकीच्या दोघांच्या खुंट्यांवर अडकवल्या आणि तिसरी हाल्मेच्या खुंटीवर. हे शनिवारीच, मॅचच्या दिवशी, करायला हवं होतं.

सामुली जाता जाता थांबला. "हिल्का, हाड दोन ठिकाणी मोडलंय."

"माहीत आहे."

त्यानं त्या जर्सीकडे पाहिलं. मग गेला. काढून टाक म्हणाला नाही.

हाल्मे नऊला आला, कुबड्यांवर, थर्मास गळ्यात दोरीनं अडकवून. सामान न्यायला आला होता. त्यानं खुंटी पाहिली. जर्सी काढून दोन्ही हातांत धरली. मग शेजारच्या भिंतीकडे नजर टाकली. यूसोची खुंटी रिकामी होती.

"पोरगं येईल आणि बघेल," तो म्हणाला. "रिकामी खुंटी तपकिरीपेक्षा वाईट, हिल्का."

कुबड्या टेकवत तो तिकडे गेला आणि ती जर्सी यूसोच्या खुंटीवर अडकवली. बाही उलटी झाली होती, ती सरळ केली.

माझ्या तोंडाशी आलं ते सगळं शिव्यांचंच होतं.

"तो तडकलेला बूट टाकून दिलास?"

"दिला."

"आणि डावा?"

"आहे."

"मग धार लाव की."

"एका पायाला?"

"मॅचनंतर धार लावायची राहून गेलीय. तुला-मला दोघांनाही सवय आहे, नाही लावली तर बरं नाही वाटायचं."

मी यंत्र सुरू केलं. पातं दगडावरून चार वेळा फिरवलं, ठिणग्या पडल्या. अंगठ्याच्या नखावर धार पाहिली. पुसून, फडक्यात गुंडाळून बूट त्याच्या मांडीवर ठेवला. तो थर्मासच्या झाकणातून कॉफी पीत होता.

बाहेर पोरांचे आवाज आले. एकेक करून ती आत यायला लागली, आपापल्या खुंटीकडे बघायला लागली. कुणाची वाट अडू नये म्हणून हाल्मेनं कुबड्या बाकाखाली सरकवल्या.