दगडी पुलावरून दिसलेलं हिरवं लुगडं

रंगुबाईंनी तो दगडी पूल जन्मभर खालूनच बघितला. इंग्रजांनी रेल्वेसाठी बांधलेला, तेरा कमानींचा. नवऱ्याची, म्हणजे सुभेदारांची, रजा संपली की त्यांची गाडी त्यावरून जायची. रंगुबाई लेकीला, मालनला, घेऊन शेतातल्या विहिरीवर उभ्या राहायच्या आणि दंड भरून येईपर्यंत हात हलवायच्या. आठ-दहा दिवसांनी पत्र यायचं: 'हिरवं लुगडं दिसलं. पोरीनं हात केला, तोबी दिसला.' बस्स! तेवढ्या ओळीवर बाई वर्ष काढायची.

सुभेदार दोन वर्षांमागं गेले. आता गाड्या शेजारच्या नव्या पुलावरून धावतात, रूळ काढलेल्या जुन्यावर लोक फोटो काढायला येतात. तेव्हापासून रंगुबाईंनी एकच धोशा लावलेला, "तिथनं मी त्यास्नी कशी दिसत हुते, एकदा बघू द्या. मग डोळं मिटलं तरी चालंल." ऐंशीला टेकलेल्या माणसाच्या हट्टापुढं कुणाचं काय चालतंय? मालन हिरवी साडी नेसून विहिरीवर थांबली आणि जावई नानासो सासूला जीपमधून पुलावर घेऊन आले.

वाऱ्यानं पदर ठरेना. रंगुबाईंनी कठड्याला धरून खाली बघितलं. नुसता ऊस. लांब कुठंतरी तिळाएवढी विहीर. गेल्याच साली मोतीबिंदू काढलेला, नजर लख्ख. पण माणूस म्हणून दिसेना.

"मामी, एवढ्या लांबनं बैलबी दिसायचा न्हाई," नानासो हळूच म्हणाले. "त्यात गाडी पळती."

रंगुबाईंना एकदम आठवलं. एका वर्षी सुभेदार घरातून निघाल्यावर म्हशीनं शेणाचं शेपूट मारलं, म्हणून त्या लुगडं बदलून, लाल नेसून विहिरीवर गेल्या होत्या. पत्रात हिरवंच! मिलिटरीतल्या गड्याला रंगातलं काय कळतंय, म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं. आणि हा बाबा उंबऱ्यात बघितलेलं लुगडं लिहून मोकळा!

"लबाड कुठला! नोकरीची बावीस वर्सं फशिवलं की मला!" त्यांना राग आला, हसू आलं आणि मग रडूच कोसळलं.

तेवढ्यात नानासोंच्या खिशातला फोन वाजला. मालन होती. त्यांनी स्पीकर लावला. पन्नाशी उलटलेली बाई, पण आवाज अगदी पोरीचा.

"आये, दोन्ही हात हालवतीया बघ! दिसती का गं? बापूंना दिसायची तशी?"

नानासो काही बोलणार, तोच रंगुबाईंनी त्यांना हातानं गप्प केलं. डोळे पुसले आणि विहिरीकडं बघत म्हणाल्या,

"दिसतीस की गं! हिरवं लुगडं दिसतंय. हात करतीयास, त्योबी दिसतोय."