जरा मोठा कापा

वाकलं की धाकट्या सुनेची छाती धडधडायची, घाम फुटायचा, डोकं ठणकायचं. पाव तासात सगळं ओसरायचं. आता वाकावं लागतं ते लादी पुसताना नाहीतर गादी उचलताना, म्हणजे नेमकं कामाच्याच वेळी. सासूबाईंच्या हाती आयतं कोलीत मिळालं. "हिला काम दिसलं की दुखतं," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. नवरा तसा भला, पण तोही हसायचा, "झाली का तिसरी घंटा? पडदा वर!" नऊ वर्षं हे ऐकून ती इतकी थकली होती, की कधीकधी तिलाच वाटायचं, खरंच सोंग करते की काय मी!

मग एकदा दवाखान्यातच झटका आला. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि ताबडतोब तपासण्या करायला लावल्या. डाव्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत लिंबाएवढी गाठ निघाली.

"वाकलं की ती दाबली जाते आणि रक्तदाब भडकतो," सर्जनबाई म्हणाल्या. धाकटीला रडूच फुटलं. आनंदाचं.

"ग्रंथीच काढू. बेंबीत एकच छेद, दुर्बीण आणि अवजारं तिथूनच आत. नंतर व्रण शोधून सापडणार नाही."

"बाई, त्यापेक्षा जरा मोठा कापा ना. दिसेल असा."

सर्जनबाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, कशाला?"

"घरी दाखवायला."

"तेवढ्यासाठी नाही हो कापता येत," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

ग्रंथी बेंबीतूनच निघाली. घरी सासूबाईंनी पोट निरखून पाहिलं. "एवढंसंच? आणि त्यासाठी चार दिवस झोपून!"

दीड महिन्याने कामाची परवानगी मिळाली. धाकटीने भीतभीत फडकं पिळलं, वाकली आणि अख्खी खोली पुसून काढली. छाती धडधडली नाही. तिचे डोळे भरून आले. आता तरी कोणी म्हणेल, बाई गं, तुझं खरं होतं.

सासूबाई दारातच होत्या. "बघितलंस?" त्या मुलाला म्हणाल्या. "मनात आणलं की सगळं जमतं हिला."

नवऱ्याने मान डोलावली.

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला, पण छाती शांतच. स्वयंपाकघर अजून पुसायचं होतं. तिने फडकं बादलीत टाकलं आणि खुर्चीवर पाय वर घेऊन बसली.

"का गं? आता काय दुखतंय?"

"काही नाही, आई," ती म्हणाली. "आज मनात नाही."